लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) बसवल्यावर थार एका बाजूला ओढतेय?
भावा, किटला लगेच शिव्या घालू नकोस. २०२० नंतरच्या थारला पुढं डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी (दांड्यांनी) धरलेलं. गाडी उचलली की आर्म खाली झुकतात आणि चाकांचे तिन्ही कोन हलतात: टो (चाकं पुढून आत-बाहेर वळणं), कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर कलणं), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढं-मागं कल). म्हणून स्टिअरिंग वाकडं राहतंय आणि टायर एका कडेनं झिजतोय.

आधी एवढंच बघ:
- आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळलेत का? तसं असेल तर ढिले कर, चाकं जमिनीवर टेकव, मग टॉर्क रेंचनं आवळ. नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. मीही इथंच चुकलो होतो.
- टायरची हवा सारखी ठेव.
- मगच अलाइनमेंट, म्हणजे हे कोन जुळवून घेणं. ‘नुसता टो नको, तिन्ही रीडिंग छापून द्या’ असं सांग. कॅस्टर कमी झाला की हायवेला गाडी भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नाही.

स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर, ५०० किमीनंतर, अलाइनमेंट पुन्हा तपासून घे. ॲडजस्टेबल (कमी-जास्त करता येणाऱ्या) आर्मचा खर्च आत्ताच नको. कॅस्टर मर्यादेत येईना तरच बघू. तोवर बेळगावातच फिरव, चोर्ला घाटाच्या वळणांवर दामटू नको की रे!