सड्यावरची वाट मे महिन्यात आखू नये

वाडीपासून कातळशिल्पांपर्यंत (कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांपर्यंत) सड्यावरून, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरून, पायवाट करायची असून, त्यासाठी आलेल्या पेव्हर ब्लॉकच्या अंदाजपत्रकावर ग्रामसभेचा ठराव घ्यावा काय, असे आपण विचारले आहे. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातही असेच अंदाजपत्रक आले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी अभियंता नाही आणि वकीलही नाही. मोजमापे व कायदा जाणकारांकडून तपासून घ्यावा.

सातबारा आणि सहहिस्सेदारांची संमती आपण पाहिली असेलच. आमचे खरे नुकसान झाले ते पाहणीच्या वेळेमुळे. संबंधित कार्यालयाचे (नाव घेत नाही) लोक मे महिन्यात आले, तापलेला काळा कातळ आणि सातबाऱ्यावरची ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य जमीन) ही नोंद पाहून त्यांनी सडा ओसाड ठरवला, आणि रस्त्याचाच नमुना थोडा अरुंद करून, दोन्ही कडांच्या सिमेंटच्या पट्ट्यांसह, कागदावर उतरवला. जुलैत पुन्हा येऊन पाहावे, ही आमची लेखी विनंती ‘मार्चअखेर निधी परत जाईल’ असे सांगून फेटाळली गेली. जणू मेनंतरचा जुलै पुढच्या मार्चनंतर येतो.

सड्यावर पावसाचे पाणी बरेचसे पातळ थराने पसरून वाहते. त्या पट्ट्यांनी ते अडवले. वरच्या अंगाला पाणी तुंबले, आणि खालच्या अंगाला, जिथे बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे आणि दवबिंदू ही पावसाळी रोपटी उगवत, तिथे भर श्रावणात कोरडा पट्टा पडला. भरावाच्या मुरुमाबरोबर तण आले ते वेगळेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एक पावसाळा गुराख्यांना सोबत घेऊन पाणी कसे वाहते ते नकाशावर टिपावे आणि गुरांच्या जुन्या वाटेवरूनच माणसे न्यावीत. सपाट कातळावर काहीही अंथरू नये. उतार असेल तेवढ्यापुरती जांभ्याच्या चिऱ्यांची, सिमेंटविना, पाखाडी (पायऱ्यांची वाट) बांधावी. वाटेची कड दाखवण्यासाठी सड्यावरचे सुटे दगड उचलू नयेत, कारण त्यांखाली पाली, बेडूक आणि देवगांडूळ (बेडकांच्या कुळातला, गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा प्राणी) राहतात. कोकणातील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत असल्याने गर्दी वाढणार हे धरून वाट शिल्पांना वळसा घालून न्यावी. जाता जाता, कोणीतरी वृक्षारोपणासाठी फुकट रोपे देऊ करीलच. ती शाळेच्या आवारात लावावीत, सड्यावर नव्हे.

ठराव घ्यावाच लागला, तर ‘पावसाळी पाहणीनंतरच आखणी अंतिम होईल आणि कडेला पट्टी बांधली जाणार नाही’ ही अट ठरावाच्या मजकुरातच घालावी. सभेतले तोंडी आश्वासन आमच्या वेळी इतिवृत्तात आलेच नाही.