कोच गेला, आता त्या शब्दाचं काय?

प्रिय ताई,

डॅलसहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात किकर, म्हणजे चेंडू लाथेनं मारून गुण मिळवणारा. एका विद्यापीठाच्या कोचनं जूनमध्ये त्याला तोंडी जागा दिली, पुढे ऑक्टोबरात त्या कोचलाच काढलं, आणि तेव्हापासून तिकडून फोन नाही. नवा कोच आताच आलाय. ‘त्या कॉलेजची टोपी तो जेवतानाही काढत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय, तिथे मी थांबलेच.

कटू ते आधी सांगते. तोंडी होकार कुणावरच बंधनकारक नसतो. कॉलेजच्या लेखी करारावर सही होते ती डिसेंबरच्या सुरुवातीला. ती हुकली तर फेब्रुवारीत. तोपर्यंतचा शब्द विद्यापीठाचा नसतो, त्या माणसाचा असतो. पेन स्टेट विद्यापीठानं २०२५ च्या ऑक्टोबरात कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, आणि डिसेंबरात सह्यांच्या दिवशी तिथे येणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. फ्रँकलिन व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेले, तशी बरीच मुलंही त्यांच्या मागोमाग तिकडे गेली.

आणि नवा कोच एकटा येत नाही. त्याचे सहाय्यक येतात, व्यायामाचा कोच येतो (हंगाम नसताना मुलं सगळ्यात जास्त त्याच्याच हाताखाली असतात), आणि आता बदलीच्या पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू तिथे नाव नोंदवतात) खेळाडूही येतात. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियाना विद्यापीठात आले तेव्हा जुन्या संघातले तेरा खेळाडू सोबत आले. २०२३ मध्ये ३ सामने जिंकून ९ हरलेला इंडियानाचा संघ २०२४ मध्ये ११ जिंकला, फक्त २ हरला. माझ्या मते यात त्या तेरा जणांचा वाटा मोठा. सराव कसा करायचा, चूक झाली की काय ऐकून घ्यायचं, हे बाकीच्यांना त्यांच्याकडे बघूनच कळलं असणार. पण जागा मोजक्याच असतात, आणि २०२५ पासून बहुतेक मोठ्या कॉलेजांच्या संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात. किकर तर दोन-तीनच. नव्या कोचनं स्वतःचा किकर आणला, तर तुमच्या मुलात काही खोट आहे असं मुळीच नाही.

म्हणून फोन त्यानं स्वतः करावा, तुम्ही नको. मुख्य कोचला नाही, तर स्पेशल टीम्सच्या, म्हणजे किकचे डाव सांभाळणाऱ्या, कोचला. किकर निवडताना बहुधा त्याचंच मत मोलाचं असतं. सरळ विचारावं: यंदा किकर घेताय का? स्कॉलरशिपवर की वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवायची जागा? लेखी कधी मिळेल? आठवडाभरात स्पष्ट उत्तर आलं नाही, तर यादीतल्या दुसऱ्या कॉलेजला त्याच दिवशी फोन. त्यात बेइमानी काही नाही, ताई.

त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय ना? मग सराव सकाळी की दुपारी, हेही विचारू दे. कोच बदलला की पुष्कळदा वेळ बदलते, आणि प्रयोगशाळेचे तास बरेचदा दुपारचे असतात.

एक मात्र या शनिवारीच करा. त्याला मैदानावर न्या आणि चाळीस यार्डांपलीकडच्या किकचे ताजे व्हिडिओ काढा. जूनमधले जुन्या कोचनं पाहिले होते; नव्या माणसांनी याला अजून पाहिलेलंच नाही. फोनवर काय बोलणं झालं ते मला कळवा.

तुमची,
करिअर मार्गदर्शक