लेटर नाही, पीएफ नाही. मग सीव्हीत अनुभव लिहायचा कसा?

सिव्हिल इंजिनिअरिंग करून बांधकामाच्या साइटवर तीन-चार वर्षं काढलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: अनुभव आहे, कागद नाही. काम छोट्या ठेकेदाराकडे केलेलं. पगार कधी खात्यात, कधी रोख. नेमणुकीचं पत्र मिळालंच नाही, पीएफ कापला नाही आणि सोडताना अनुभवाचं सर्टिफिकेट मागितलं तर 'बघू, पुढच्या आठवड्यात ये' हे उत्तर. मग ही मुलं तो अनुभव दोन ओळींत उरकून टाकतात, नाहीतर भलत्याच कंपनीच्या नावावर खपवतात. दोन्हीकडून नुकसान त्यांचंच.

महेशचं (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) उदाहरण मी मुद्दाम सांगते, कारण त्याने हे दोन्ही केलं होतं.

लातूरकडचा मुलगा. 2017 साली सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि दाजींच्या ओळखीने पुण्यात ताथवड्याच्या एका टॉवरच्या साइटवर लागला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये साइट बंद पडली, हा गावी गेला. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर लातूर जिल्ह्यातच ग्रामीण रस्त्यांची कामं घेणाऱ्या दुसऱ्या ठेकेदाराकडे राहिला. आता लग्न ठरत होतं, पगार वाढत नव्हता, आणि पोर्टलवर अर्ज टाकून टाकून थकला होता. "मॅडम, कॉलच येईना. एका ठिकाणी इंटरव्ह्यू भारी झाला, मंगळवारी कळवतो म्हणले, पुन्हा फोनच उचलंनात."

त्याचा सीव्ही दोन पानांचा होता. कॉलेजजवळच्या नेट कॅफेत सीनिअरच्या फाइलवर नाव बदलून केलेला. वर ठळक अक्षरांत ऑब्जेक्टिव्ह: 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायरन्मेंट'. त्याखाली दहावीपासूनच्या टक्क्यांचा तक्ता. मग हार्डवर्किंग, पॉझिटिव्ह ॲटिट्यूड. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी 'आय हियरबाय डिक्लेअर'. या सगळ्याच्या मधे, दुसऱ्या पानावर, सहा वर्षांचं काम दोन ओळींत: साइट इंजिनिअर, 'रिस्पॉन्सिबल फॉर ऑल सिव्हिल वर्क'. आणि पहिल्या नोकरीसमोर पुण्यातल्या एका मोठ्या बिल्डरचं नाव.

मी विचारलं, "पगार कोण द्यायचं तुला?"

"ठेकेदार. पण साइट तर त्यांचीच होती की, मॅडम. गेटवर त्यांचाच बोर्ड होता."

इंटरव्ह्यू चांगला होऊनही पुढे काही न होण्याचं कारण बहुधा इथेच होतं. कंपनीचा एचआर त्या बिल्डरच्या ऑफिसला फोन करतो, तिथे हजेरीपत्रकावर महेश नावाचा कोणी नसतो, आणि मुलगा खोटारडा ठरतो. प्रत्यक्षात तीन वर्षं त्याने त्याच इमारतीवर उन्हातान्हात काढलेली असतात. हे मला फार लागतं. खरं काम केलेल्या मुलावर खोटेपणाचा शिक्का बसतो, तो केवळ नाव चुकीच्या रकान्यात लिहिल्यामुळे.

बांधकामाच्या सीव्हीत तीन नावं वेगवेगळी लिहायची असतात. पगार देणारा, म्हणजे नियोक्ता. तो ज्यांच्यासाठी काम करतोय तो बिल्डर किंवा सरकारी खातं, म्हणजे क्लायंट. आणि देखरेखीला पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) किंवा आर्किटेक्ट असेल तर त्याचं नाव. असं लिहिलं की बिल्डरचं मोठं नाव पानावर येतंच, शिवाय ते खरंही असतं. वाचणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरला ही रचना रोजची असते. अमुक बिल्डरच्या साइटवर तमुक आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या कामाच्या) ठेकेदाराकडे होता, यात त्याला काहीच कमीपणा वाटत नाही. कमीपणा मुलांनाच वाटतो. 'ठेकेदाराकडे होतो' म्हणताना महेशचाही आवाज खाली जायचा.

मग मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "इंग्रजी सोड. मामा गावाहून आलेत आणि विचारतायत, बाळा, तू तिथे दिवसभर करतोस तरी काय? त्यांना सांग."

सुरुवातीला "सगळंच बघायचो" एवढंच आलं. 'सगळं' या उत्तरावर मी कधीच पुढे जात नाही. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी काय करायचास, भरताना कुठे उभा असायचास, दुसऱ्या दिवशी सकाळी आधी काय बघायचास, असं एकेक धरून विचारत गेले. तेव्हा त्याने बॅगेतून एक पॉकेट डायरी काढली. कोपरे सिमेंटने कडक झालेले. त्यात पेन्सिलीने प्रत्येक स्लॅबची नोंद. एका पानावर: सातवा मजला, एम 30 (काँक्रीटचा ग्रेड), 62 घनमीटर, स्टील साडेपाच टन, क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) 15, सात दिवसांचे वेगळे.

सीव्ही कोरा, आणि ही डायरी बॅगेत! काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस 456 प्रमाणे, 62 घनमीटर काँक्रीटला निदान 5 नमुने लागतात आणि एका नमुन्याचे 3 क्यूब, म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीसाठी 15. ते त्या पानावर बरोबर होतं. हा मुलगा क्यूब भरून घेत होता, त्यांच्यावर तारीख आणि मजला लिहीत होता, 28 दिवसांनी निकाल मिळवून पीएमसीला देत होता. बीबीएस, म्हणजे सळया कापायच्या-वाकवायच्या मापांचा तक्ता, स्वतः काढत होता. बारा मीटरच्या बारमधून उरणारे कट-पीस चेअर (जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळया) आणि लिंटेलला कसे बसवायचे, हे बारबेंडरला सांगत होता. ठेकेदाराच्या आरए बिलाची (चालू कामाच्या टप्प्याटप्प्याच्या बिलाची) मोजमापं यानेच घेतलेली. यातला एक शब्द सीव्हीत नव्हता.

एका पानावर फुली मारून 'गाडी परत' असं लिहिलं होतं. त्याबद्दल विचारलं तर तो आधी टाळत होता. रात्रीचा स्लॅब, ट्रॅफिकमध्ये अडकलेला, तयार काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर. चलनावरची बॅचिंगची (काँक्रीट मिसळल्याची) वेळ पाहिली तर माल उतरवायला मिळणारे दोन तास कधीच उलटून गेलेले, आणि ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडायच्या तयारीत. महेशने गाडी परत पाठवली. ठेकेदार सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडला. दुसऱ्या दिवशी पीएमसीच्या इंजिनिअरने मात्र चलन बघून महेशची बाजू घेतली.

"हे कुठे सांगायचं असतं का, मॅडम? भांडण झालं होतं ते."

मी म्हटलं, हेच सांगायचं असतं. सीव्हीत गोष्ट लिहायची नाही, एकच ओळ: आरएमसी (तयार काँक्रीट) उतरवून घेताना चलनावरची वेळ आणि स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) तपासून माल स्वीकारणे किंवा नाकारणे. 'नाकारणे' वाचल्यावर अनुभवी माणूस इंटरव्ह्यूत हमखास विचारतो, कधी नाकारलाय का? मग गोष्ट सांगायची, तारखेसकट.

अशा रीतीने एकेक ओळ आधी मराठीत लिहिली आणि नंतर सोप्या इंग्रजीत नेली. चेक्ड, मेझर्ड, प्रिपेअर्ड, सबमिटेड. एवढ्या चार-पाच क्रियापदांत साइटचं सगळं काम बसतं. 'रिस्पॉन्सिबल फॉर' एकदाही वापरलं नाही. पहिल्या नोकरीचा परिच्छेद साधारण असा झाला: जी प्लस 11 निवासी इमारत, मजल्याचं क्षेत्र सुमारे 350 चौरस मीटर, चौथ्या मजल्यापासून अकराव्यापर्यंत आरसीसीची देखरेख, बीबीएस तयार करणे, काँक्रीटआधीच्या चेकलिस्टवर ठेकेदारातर्फे सही, क्यूबची नोंद आणि निकाल, आरए बिलाची मोजमापं. पहिले तीन मजले त्याच्या आधीच झाले होते, म्हणून 'चौथ्यापासून' असं स्पष्ट लिहिलं. त्याला वाटत होतं, सगळी इमारत लिहावी. पण पायाचं काम लिहिलं की राफ्टचं डेप्थ किती होतं, डीवॉटरिंग कसं केलं, असे प्रश्न येणार. जे पाहिलंच नाही त्याचं उत्तर कुठून आणायचं?

रस्त्यांच्या कामातही तेच. 'रोड वर्क' याला अर्थ नाही. किती किलोमीटर, खडीकरणाचे किती थर, डांबराचं कार्पेट आणि सीलकोट होतं का, किती मोऱ्या बांधल्या, थराची घनता सँड रिप्लेसमेंटने कोण तपासायचं, हे लिहायचं. मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी, खात्याचे शाखा अभियंता लिहितात. महेशने 'एमबी लिहिली' असं टाकलं होतं. ते बदलून 'संयुक्त मोजमापाला ठेकेदारातर्फे हजर, बिलाचा मसुदा तयार' असं केलं. खात्यातला कोणीही समोर बसला असता तर पहिलं वाक्य तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं.

स्टीलची नासाडी त्याने कमी केली होती, पण किती टक्के ते मोजलेलं नव्हतं. म्हणून आकडा घातला नाही. हल्ली सीव्ही बनवून देणारे 'इथे काहीतरी टक्के टाका' असं सांगतात. माझ्या मते बांधकामात तो सल्ला घातक आहे. समोरचा माणूस कागदपेन पुढे सरकवून 'कसं काढलं ते दाखवा' म्हणतो.

सॉफ्टवेअरच्या रांगेत पाच नावं होती. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडून मापं घेणं, रिव्हिजन ताडून बघणं त्याला येत होतं. एक्सेलमध्ये बीबीएस आणि बिल उत्तम. स्टॅड प्रो, रेव्हिट आणि प्रिमाव्हेरा हे दोन महिन्यांच्या क्लासचं सर्टिफिकेट. ती तिन्ही काढली. लॉकडाऊनमधले महिने लपवायचे नाहीत, तिथे 'साइट बंद, गावी' एवढं पुरे. 2020 मध्ये काय झालं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑब्जेक्टिव्हच्या जागी दोन ओळींचा सारांश आला: डिप्लोमा सिव्हिल, सहा वर्षं, उंच इमारतीचं आरसीसी आणि ग्रामीण रस्ते, बीबीएस आणि बिलिंग. पोर्टलवर भरती करणारे शब्द टाकून शोधतात, म्हणून 'बीबीएस'सोबत 'बार बेंडिंग शेड्यूल' असं पूर्णही लिहिलं. 'न्यू फायनल 2' या फाइलला त्याचं नाव आणि पद दिलं.

आता कागदाचा प्रश्न. अनुभवपत्र नसलं म्हणजे पुरावा शून्य, असं मुलांना वाटतं. महेशकडे शोधलं तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ठेकेदाराच्या फर्मकडून आलेला बराचसा पगार निघाला. पीएमसीला पाठवलेल्या डीपीआरच्या (रोजच्या प्रगतीच्या अहवालाच्या) मेल निघाल्या, त्याच्या सहीच्या चेकलिस्टचे फोटो निघाले. सगळ्यांत मोलाचा होता तो चलन बघून बाजू घेणारा इंजिनिअर. त्याला फोन करून 'सर, तुमचं नाव संदर्भासाठी देऊ का?' असं आधी विचारायला लावलं. न विचारता नंबर देऊ नये. माणूस साइटवर गडबडीत असतो आणि अचानक आलेल्या फोनला 'कोण महेश?' म्हणून मोकळा होतो. हा इंजिनिअर मात्र लगेच हो म्हणाला.

ठेकेदाराकडेही परत पाठवलं, पण या वेळी पत्राचा मजकूर टाइप करून. 'अनुभवपत्र द्या' म्हटलं की छोटा ठेकेदार टाळतो, कारण ते लिहायचं कसं हेच त्याला ठाऊक नसतं. रुजू तारीख, सोडल्याची तारीख, पद, साइटचं नाव, चार ओळींचं काम. लेटरहेडवर प्रिंट काढून सही-शिक्का एवढंच त्याला करायचं होतं. रस्त्यांच्या ठेकेदाराने चहा पाजून सही दिली. पुण्याच्या ठेकेदाराने दिली नाही. ज्याचं पत्र नाही, त्या नोकरीपुढे 'पडताळणी: पीएमसी इंजिनिअर' असं लिहिलं आणि पुढे गेलो.

याच दिवसांत एका एजंटने त्याला आखातातली नोकरी दाखवली. सीव्हीत अनुभव दहा वर्षांचा कर, पत्राचं मी बघतो, म्हणाला. महेश दोन दिवस डगमगला, कारण पगाराचा आकडा मोठा होता. मी त्याला कायदा सांगितला. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. एजंट तिथे सापडला नाही. शिवाय 2017 चा डिप्लोमा आणि दहा वर्षांचा अनुभव, हा हिशेब सर्टिफिकेट बघणारा कोणीही बोटांवर करतो. इथल्या कंपन्यांतही यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) पीएफच्या तारखा निघतात, त्यामुळे वाढवलेली वर्षं फार काळ लपत नाहीत.

नव्या सीव्हीवर कॉल आले. भरमसाट नाही, पण आले. चाकणकडे कारखान्यांच्या शेड बांधणाऱ्या एका मध्यम कंपनीत इंटरव्ह्यूला गेला, तर प्रोजेक्ट मॅनेजरने सीव्हीतल्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. "नाकारलाय कधी?" महेशने डायरी काढून पान दाखवलं. पुढचा अर्धा तास बोलणं काँक्रीटवरच चाललं. त्याच्या इंग्रजीचा विषय निघाला नाही. बिलिंगचा एक प्रश्न त्याला आला नाही, तसं त्याने सरळ सांगितलं. संदर्भासाठी दिलेल्या इंजिनिअरला दुसऱ्याच दिवशी फोन गेला. पगार त्याच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी ठरला, पण पीएफ आणि नेमणुकीचं पत्र दोन्ही आहे.

रुजू होण्याआधी तो भेटायला आला, तेव्हा मी त्याला कामाला लावलं. पत्रावरचं पद आणि तारीख वाचूनच सही कर. जुना यूएएन नाही, म्हणून नवीन निघाला की तो आधारला जोडून पासबुक स्वतः उघडून बघ. आणि दर महिन्याच्या शेवटी डायरीतून काढून प्रकल्पाचं नाव, त्या महिन्यातली परिमाणं आणि ज्याच्यासोबत काम केलं त्या माणसाचा नंबर, हे एका एक्सेल शीटमध्ये भरून स्वतःच्या मेलवर ठेव. कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस, तो सोडताना परत द्यावा लागतो. पहिल्या महिन्याचं शीट त्याने मला पाठवलं. त्यात पेडेस्टलची संख्या आहे, अँकर बोल्टची लेव्हल कोणी तपासली ते आहे. काँक्रीटचा ग्रेड लिहायचा राहिला होता, तो भरायला सांगितला आहे.