ते पैसे दानात टाकू नका

प्रिय भाऊ,

“ताई, आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे मला मान देतात. पण नोकरीत काही वर्षं मी प्रवासाची वाढीव बिलं लावली. आता ते बंद केलंय, देवाकडे रडून क्षमाही मागितलीय, तरी साहेबांनी बोलावलं की छातीत धस्स होतं. झोप उडालीय. बायकोलाही यातलं काही माहीत नाही. तेवढी रक्कम गुपचूप दानात टाकली तर मन शांत होईल का?” असं तुम्ही विचारलंय.

नाही होणार. ते पैसे मंडळीचे नाहीत, तुमच्या मालकाचे आहेत. दुसऱ्याचं देवाला वाहून कुणी मोकळं होत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने हेच सांगितलं: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात तर हिशेबच दिलाय. लबाडीने घेतलेलं पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा आणि ज्याचं त्याच्याच हाती द्यायचं. याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, न्यायचं दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, वेगळं. एकाने दुसऱ्याचं भागत नाही.

मात्र एक गोष्ट आधी मनात पक्की करा, नाहीतर माझा सल्ला तुम्हाला नुसतं ओझं होईल. पैसे फेडून क्षमा मिळत नाही. जक्कय नावाचा जकातदार येशूला पाहायला झाडावर चढला होता, तेव्हाच प्रभूने त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणून सांगितलं. तोवर जक्कयाने कुणाला काही परत केल्याचं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहीत नाही. चौपट परत देण्याचं तो नंतर बोलला, तेही कुणी न मागता. तुम्ही मनापासून पश्चात्ताप केलाय, तर क्षमेविषयी शंका धरू नका.

मग धस्स का होतं? कारण साहेबांना अजून माहीत नाही. ही भीती उघडं पडण्याची आहे, आणि गोष्ट लपलेली आहे तोवर ती हटणार नाही. 32व्या स्तोत्रात दावीद राजाही म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 32व्या अध्यायातला क्रम पाहा: आधी वरून आत्मा ओतला जातो, मग ओसाड रानात न्याय वस्तीला येतो, आणि त्या नीतिमत्त्वाचं फळ म्हणून शांती, स्वस्थता, निर्भयता येते. तुम्ही प्रार्थनेत फळ मागताय आणि मधलं पाऊल गाळताय.

तेव्हा आजच कागद घेऊन बसा. आठवतील तेवढी बिलं लिहून काढा. जिथे आकडा नक्की आठवत नाही तिथे सोयीचा धरू नका, मोठा धरा. पहिल्यांदा बायकोला सांगा. तिला बाहेरून कळलं तर तो घाव फार खोल असेल. मग मंडळीच्या पाळकांशी बोला. कायद्याने काय होऊ शकतं ते वकिलाला विचारून घ्या, त्यात देवावर अविश्वास काही नाही. मग साहेबांची वेळ घ्या आणि थोडक्यात सांगा: मी हे केलं, ही रक्कम, ती मी अशी फेडणार. पगार अपुरा होता, सगळेच असं करतात, हे तोंडातून येऊ देऊ नका. तुम्हाला ते सांगायचा मोह होईल, म्हणून आधीच बजावतेय.

नोकरी जाऊ शकते. जाणार नाही असं मी सांगू शकत नाही, आणि तसं वचन शास्त्रातही नाही. घराची ओढाताण होईल, म्हणून दोघं मिळून आधीच खर्चाचा विचार करा. पण जे घडेल ते तुमच्यासमोर घडेल, पाठीमागून गाठणार नाही.

आणि मंडळीत उभं राहून साक्ष द्यायची घाई करू नका. आधी सगळी रक्कम फिटू द्या. त्यानंतरही बायकोची तयारी असेल तरच बोला.

तुमची ताई