‘नॅनोफ्लुइड’ला द्रावण म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: सौर ऊर्जेवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘नॅनोफ्लुइड’साठी ‘अब्जांश द्रावण’ लिहिलं तर चालेल का?

‘द्रावण’ तर नकोच. मीठ पाण्यात विरघळलं की द्रावण होतं. इथे काहीच विरघळत नाही. पाण्यात किंवा ग्लायकॉलमध्ये तांबं, ॲल्युमिनियम ऑक्साइड, कार्बन असल्या पदार्थांचे साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण नुसते तरंगत ठेवतात, आणि सगळी करामत त्या न विरघळण्यात आहे. गच्चीवरच्या, पाणी तापवणाऱ्या सपाट सोलरमध्ये ऊन शोषतो तो काळा पत्रा. दिसणारा प्रकाश पाणी जवळपास तसाच आरपार सोडतं, म्हणून त्याला उष्णता पत्र्याकडून घ्यावी लागते. पाण्यातच कार्बनचे कण असले की ते स्वतः काळं होतं, ऊन थेट त्यातच मुरतं आणि पत्र्याची मधली पायरी गळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात अशा संग्राहकाच्या, म्हणजे ऊन गोळा करून उष्णता देणाऱ्या यंत्रणेच्या, कार्यक्षमतेत ५ टक्क्यांपर्यंत वाढ दिसली. कण गोळा होऊन तळाशी बसले, की कमाई संपली. तुरटी फिरवल्यावर गढूळ पाण्याचं जे होतं, तेच इथे होऊ द्यायचं नसतं.

आता ‘अब्जांश’. ‘अब्जांश तंत्रज्ञान’ वाचायला मिळतं, पण ‘अब्जांश द्रव’ म्हटलं की मला होमिओपॅथीची बाटली आठवते. अब्जांशाचा संबंध कणांच्या मापाशी, द्रवाशी नाही. ‘नॅनो’ मुळात ग्रीक ‘नानोस’, म्हणजे बुटका. तो मराठीत रुळलाय, राहू द्या.

‘फ्लुइड’साठी आपल्याकडे द्रव आणि वायू यांच्या जोडातून झालेला ‘द्रायू’ आहे. मला तो फार आवडतो. पण इथे वायूचा प्रश्नच नसल्यानं साधा ‘द्रव’ पुरे. ‘निलंबन’ (सस्पेन्शन) शास्त्राच्या पुस्तकात बरोबर, मात्र ‘निलंबित कण’ वाचून सामान्य वाचकाला एखादा तलाठी आठवायचा.

अर्थानं सगळ्यात जवळचा शब्द ‘कलिल’. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘मोहकलिलं’ आहे, तिथे तो मोहाचा चिखल. रसायनशास्त्रानं तोच कोलॉइडसाठी, म्हणजे बारीक कण न विरघळता पसरून राहिलेल्या मिश्रणासाठी, घेतला. ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव स्टीफन चोई यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत दिलं, पण सोन्याच्या बारीक कणांचं माणकासारखं लाल कलिल फॅरेडेनं १८५७ मध्येच केलं होतं. अडचण एवढीच, की दूधही कलिल आणि शाईही कलिल.

म्हणून माझं मत ‘नॅनोद्रव’ला. तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘नॅनोद्रव, म्हणजे धातूचे किंवा कार्बनचे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव, वापरून सौर उष्णता संग्राहकाची कार्यक्षमता वाढवता येते.’ आणि हो, ‘संग्राहक’च ठेवा. ‘सौर कलेक्टर’ लिहिलंत तर जिल्हाधिकारी उन्हात उभे राहतील.