वाचकांचे प्रश्न : जाळ्यापुढचा माणूस आणि पैशाचा हिशेब

बर्फावरच्या हॉकीबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रं एकाच माणसाबद्दल आहेत : गोलकीपर. त्यातली पाच इथे घेतली आहेत. उत्तरं मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या संदर्भात आहेत.

एनएचएलमध्ये एका गोलकीपरला वर्षाला कोटभर डॉलर मिळतात आणि दुसरा, जवळजवळ तेवढेच शॉट अडवणारा, खालच्या लीगमध्ये रवाना होतो. हा फरक नेमका कशाचा? – एक वाचक, पुणे

सगळं पाणी मुरतंय ते तुमच्या त्या ‘जवळजवळ’मध्ये. गोलकीपर मोजला जातो तो सेव्ह टक्केवारीवर. हजार शॉटांपैकी ९०० अडवले तर .९००, ९१५ अडवले तर .९१५. कानाला हा फरक किरकोळ वाटतो. आता आकडे मांडून बघा. मुख्य गोलकीपर हंगामात साधारण ५५ सामने खेळतो आणि त्यात त्याच्यावर ढोबळमानाने १,५०० शॉट येतात. .९००वाला त्यातले १५० आत सोडतो, .९१५वाला १२७-१२८. म्हणजे बावीस-तेवीस गोल, दर अडीच सामन्यांमागे एक. आकडेवारीवाले साधारण सहा गोलांच्या फरकाला एक विजय धरतात. विजयाला दोन गुण, म्हणजे चारेक विजय आणि आठेक गुण झाले. प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, जाणारा शेवटचा संघ आणि बाहेर राहणारा पहिला संघ यांच्यात बरेचदा एवढंही अंतर नसतं.

आता यात पैसा कुठे येतो ते पाहा. खेळाडूंचा पगार फक्त नियमित हंगामाचा असतो. प्लेऑफसाठी त्यांना वेगळ्या निधीतून वाटा मिळतो. त्यामुळे प्लेऑफमधल्या घरच्या प्रत्येक सामन्याची तिकीटविक्री मालकाच्या दृष्टीने जवळपास निव्वळ कमाई ठरते. हे बावीस गोल थेट त्या गल्ल्याला जोडलेले आहेत. वर पुन्हा पगाराला कमाल मर्यादा आहे. २००४-०५चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेला, त्यानंतर ही मर्यादा आली. तेव्हा ती प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ला ९ कोटी ५५ लाख. न्यूयॉर्क रेंजर्सच्या इगोर शेस्टरकिनचा डिसेंबर २०२४मध्ये झालेला करार ८ वर्षांचा, वर्षाला सरासरी १ कोटी १५ लाखांचा आहे. म्हणजे २३ जणांच्या संघात एका माणसावर १२ टक्के रक्कम. त्याचा हंगाम वाईट गेला तर ती भोकं बुजवायला दुसरीकडून पैसा आणता येत नाही, कारण मर्यादा हलत नाही.

आमचा आक्षेप आहे तो आकडा वाचण्याच्या पद्धतीला. सेव्ह टक्केवारीला सगळे शॉट सारखेच. पण ताशी १६० किलोमीटर वेगाने सहा मीटरवरून सुटलेला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जाळ्यापर्यंत सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात पोचतो. डोळ्यांनी बघून हात हलायला माणसाला साधारण पाचवा हिस्सा लागतो. म्हणजे तिथे तो पक बघून अडवतच नाही. जागा आधी घेतलेली असते आणि स्टिकचं पातं वाचलेलं असतं. शॉटच्या क्षणभर आधी पक मैदानाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला दिला गेला, तर ही तयारी मोडते आणि त्याला आडवं सरकत पुन्हा उभं राहावं लागतं. माजी गोलकीपर स्टीव्ह व्हॅलिकेट याने मैदानाच्या मधोमध, एका जाळ्यापासून दुसऱ्या जाळ्यापर्यंत कल्पलेल्या रेषेला ‘रॉयल रोड’ असं नाव दिलं. ती रेषा ओलांडून आलेल्या पासवरचा शॉट कितीतरी घातक असतो. ढिसाळ बचावाच्या मागे उभ्या असलेल्याला असे शॉट जास्त येतात, आणि टक्केवारी मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर लागते. शॉट कुठून, कसा आला त्यावरून काढलेल्या अपेक्षित गोलांशी तुलना करणारे नवे आकडे हा अन्याय थोडा कमी करतात. तरी बातमीत छापून येते ती जुनी टक्केवारीच.

दोन गोलकीपर का लागतात? पूर्वी एकच असायचा ना? – एक वाचक, ठाणे

हो, असायचा. लीग सहा संघांची होती तेव्हा मुख्य जागा सहाच. जागा गेली तर परत मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून लोक दुखणी लपवून खेळत. ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने पूर्ण खेळला, तेही चेहऱ्यावर मास्क नसताना. सामन्याआधी त्याला उलट्या होत, हे जगजाहीर होतं. जॅक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ला, पकने चेहरा फुटल्यावर, मास्क घालूनच पुढे खेळेन असं सांगितलं. त्याच्या प्रशिक्षकाला ते पसंत नव्हतं. सामन्याला दोन गोलकीपर सज्ज ठेवणं साठच्या दशकाच्या मध्यावर सक्तीचं झालं. आज ३२ संघ, ६४ जागा.

लांब मुदतीचा करार फसला तर पैसे बुडतात कुणाचे? – एक वाचक, नाशिक

बहुतेक वेळा संघाचे. गोलकीपरच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण कंबर आणि गुडघे आधी जातात.

नमुनेदार उदाहरण रिक डिपिएत्रोचं. न्यूयॉर्क आयलँडर्सने २००६मध्ये त्याच्याशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला ४५ लाख. पुढे दुखापतींनी त्याला पोखरलं. २०१३मध्ये संघाने करार मोडला, तेव्हा ८ वर्षं, म्हणजे ३ कोटी ६० लाख शिल्लक होते. असा करार मोडण्याचा, म्हणजे बायआउटचा, नियम असा की शिल्लक रकमेच्या दोन तृतीयांश द्यायचे (खेळाडू २६ वर्षांखालचा असेल तर एक तृतीयांश) आणि तेही उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात. म्हणून २ कोटी ४० लाख, १६ वर्षांत, वर्षाला १५ लाख, २०२९पर्यंत. त्या वर्षी खास सवलत होती म्हणून ही रक्कम पगारमर्यादेत धरली गेली नाही. एरवी बायआउटचं ओझं मर्यादेवरही बसतं. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या त्याच २०१३च्या सामूहिक कराराने मुदतीला लगाम घातला : स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त ८ वर्षं, बाहेरच्याला ७.

कॅरी प्राइसचं प्रकरण मनाला जास्त लागतं. माँट्रियल संघाने या गोलकीपरला २०१७मध्ये ८ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख दिले. २०२१मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि २०२२च्या एप्रिलमधल्या पाच सामन्यांनंतर तो खेळलाच नाही. सप्टेंबर २०२५मध्ये त्याचा करार सॅन होजे या दुसऱ्या संघाला दिला गेला. माणूस घरी आणि कागद बाजारात. नियमांत ते बसतं, तरी ते बघताना वाईट वाटतं.

एवढ्या दडपणाखालच्या खेळाडूला मदत मागता येते का? की करिअर संपतं? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मागता येते. लीग आणि खेळाडू संघटना यांचा संयुक्त मदत कार्यक्रम १९९६पासून आहे. पहिल्यांदा मदत घेणाऱ्याला उपचार चालू असताना पूर्ण पगार मिळतो, शिक्षा होत नाही. उपचाराच्या अटी मोडल्या तर दुसऱ्या टप्प्यात बिनपगारी निलंबन. प्राइसने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये ही मदत घेतली आणि परतल्यावर कारण व्यसन होतं हे स्वतः जाहीर केलं. रॉबिन लेनर या गोलकीपरने २०१८मध्ये आपल्या बायपोलर आजाराबद्दल आणि व्यसनाबद्दल उघडपणे लिहिलं. पुढच्याच हंगामात तो उत्तम खेळला आणि चिकाटीसाठी दिली जाणारी २०१९ची मास्टरटन ट्रॉफी त्याला मिळाली.

मात्र ज्याचा करार वर्षभराचा आहे त्याला ही मदत मागणं प्राइसइतकं सोपं नाही. पगार थांबत नाही, पण तेवढ्या दिवसांत जाळ्यापुढे दुसरा उभा राहतो आणि तो चांगला खेळला तर जागा त्याची होते. ही भीती कुठलाही नियम काढू शकलेला नाही.

माझी लेक १३ वर्षांची आहे, इथल्या संघात गोली आहे. एक गोल गेला की पाठोपाठ दोन जातात. घरी येताना गाडीत रडते. काय करावं? – एक आई, मिसिसागा, कॅनडा

पाठोपाठ गोल जाण्याचं कारण आधी बर्फावर शोधा. गोल खाल्लेला गोलकीपर नकळत मागे सरकतो, गोलरेषेला चिकटतो. एका पावलाने मागे गेलं की नेम धरणाऱ्याला जाळं मोठं दिसतं. दुसरं म्हणजे शॉट सुटायच्या आधीच ती गुडघ्यांवर बसत असेल, मग वरचे कोपरे मोकळे. जाळ्याच्या मागून मोबाइलवर एक सामना चित्रित करा आणि गोल गेल्यानंतरच्या दोन मिनिटांत तिच्या टाचा निळ्या अर्धवर्तुळात कुठे आहेत तेवढंच बघा. कोचला दाखवा.

गोल झाल्यावर पुन्हा फेसऑफ, म्हणजे पक टाकून खेळ सुरू, होईपर्यंत वीस-पंचवीस सेकंद मिळतात. त्यांचा ठरलेला क्रम बसवा : पाठ फिरवून जाळ्यावरची पाण्याची बाटली घ्यायची, एक घोट, श्वास आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून बाहेर सोडायचा. मग क्रीजमधला, म्हणजे त्या निळ्या अर्धवर्तुळातला, बर्फ स्केटच्या ब्लेडने खरवडायचा, दोन्ही खांबांना स्टिकने स्पर्श, एक पाऊल पुढे, आणि नजर फक्त पकवर. क्रम सरावातही, प्रत्येक गोलनंतर, तोच हवा. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांचं संशोधन हेच सांगतं की शॉट सुटायच्या आधी नजर पक आणि स्टिकवर स्थिर राहिली तर अडवण्याची शक्यता वाढते. स्कोअरबोर्डवर गेलेली नजर ती स्थिरता घालवते.

गाडीत ‘किती गेले?’ विचारू नका. ते तिला पाठ असतं. बोलायचंच असेल तर रिबाउंड, म्हणजे अडवल्यावर उसळलेले पक, कुठे गेले हे विचारा, कोपऱ्यात की समोर. ते तिच्या हातात असतं. नसेल बोलायचं तर खायला द्या आणि गप्प बसा.

आणि पॅड तपासा. वाढत्या अंगाचे म्हणून मोठे घ्यायची आपल्याकडे सवय आहे, शाळेच्या गणवेशाला ती चालते. इथे खाली बसल्यावर गुडघा पॅडच्या आतल्या बाजूच्या गुडघ्याच्या उशीवर नेमका टेकायला हवा. पॅड लांब असेल तर गुडघा उशीच्या खाली पडतो, पॅड पुरता वळत नाही आणि दोन पायांमधली फट उघडी राहते. तिला घरी सतरंजीवर पॅड घालून बसवा, दहा वेळा. गुडघा दर वेळी उशीवर येत नसेल तर पॅड बदला. जुने घेतले तरी चालतील. मास्क आणि गळपट्टा मात्र प्रमाणित, तडा नसलेलाच घ्या. बसताना जांघेत किंवा खुब्यात दुखतं असं ती म्हणाली तर सराव थांबवून खेळाडूंच्या डॉक्टरकडे न्या. या वयात ते दुखणं अंगावर काढायचं नाही.