औषधानेच कॅन्सर होणार असेल तर?

किडनी प्रत्यारोपण झालेल्या मांजरांची माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: जगवण्यासाठी जे औषध द्यायचं, त्यानेच कॅन्सर होणार असेल तर आम्ही मिळवलं काय?

अमेरिकेत ही शस्त्रक्रिया १९८७ पासून होते. न्यू जर्सीतल्या एका मराठी ताईंच्या बोक्याला नवी किडनी मिळून वर्ष झालं होतं. लिम्फोमाबद्दल, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरबद्दल वाचल्यापासून त्या सायक्लोस्पोरिनचा, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा, संध्याकाळचा डोस सिरिंजमध्ये भरायच्या आणि बेसिनमध्ये सोडून द्यायच्या. बाटली वेळेवर संपत असल्याने नवऱ्यालाही पत्ता नव्हता.

"काही होत नाही हो" असं मी म्हटलं नाही, कारण वाचलेलं खरंच होतं. वेगवेगळ्या अभ्यासांत अशा मांजरांपैकी साधारण दहात एक ते चारात एक जणाला पुढे कॅन्सर झालेला दिसतो, आणि त्यात लिम्फोमाच जास्त. परकी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची, तर बिघडलेल्या पेशींवरचा तिचा वचकही कमी होतो. पण डोस गाळला की आधी किडनी धोक्यात येते, आणि मांजराला जन्मभर डायलिसिसवर ठेवता येत नाही. डोस कमी करता येतो, पण रक्तातली पातळी बघून आणि डॉक्टरांनीच. ताईंसमोरच मी दवाखान्यात फोन लावला. रक्त तपासलं तेव्हा औषधाची पातळी बरीच खाली गेली होती, आणि किडनीचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन थोडं वर. वेळेत सावरलं.

एवढ्याने प्रश्न मिटेल असं मला वाटत नव्हतंच. तिकडे किडनी देणारं मांजर त्याच घराने दत्तक घ्यायचं असतं. ताईंच्या घरी ती मनी सोफ्यावर बसलेली असायची. "हिची किडनी काढून घेतली, आणि आता ह्याला कॅन्सर झाला तर हिला काय तोंड दाखवू?" खरं दुखणं हे होतं. मी विचारलं, मनी कशी आहे? "खाऊन खाऊन ढोल झालीय," म्हणताना त्या हसल्या, मग बराच वेळ रडल्या. मी रडू दिलं.

मग कामाचं बोललो. दर रविवारी वजन करून वहीत लिहायचं. वजन उतरलं, खाणं सुटलं, उलट्या वाढल्या, जबड्याखाली किंवा गुडघ्यामागे गाठ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रोज चाचपत बसायचं नाही; त्याने बोकाही वैतागतो.

नवऱ्याला सांगायला त्यांना वेळ लागला. तो रागावला नाही. संध्याकाळचं औषध आता तोच देतो.